छोट्या कॅबिनेटसाठी बिनपंख्याचा कूलर: हिशेब मे महिन्याचा धरा

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी पहिल्यांदा "पंखा नसलेला बुटका सीपीयू कूलर आहे का?" असं विचारलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने एक पंखेवाला लो-प्रोफाइल कूलर समोर ठेवला आणि म्हणाला, "हा घ्या. चार स्क्रू काढा, पंखा बाजूला ठेवा. झाला तुमचा पॅसिव्ह." मी हसून विषय सोडून दिला. पुढे दोन डबे स्वतः जोडले, त्यातला एक जवळजवळ भाजून काढला, तेव्हा कळलं की मुलगा निम्मा बरोबर होता. कुठला निम्मा, ते पुढे येईलच.

हा लेख पहिल्यांदाच छोटा, आवाज न करणारा पीसी जोडणाऱ्यांसाठी आहे. स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, मदरबोर्ड म्हणजे काय हे माहीत आहे, एवढं गृहीत धरतो. कूलर निवडायचा म्हणून आपण थेट कूलरच्याच याद्या चाळायला बसतो, पण तो सगळ्यात शेवटी निवडायचा असतो. आधी प्रोसेसर, मग कॅबिनेट, मग तो डबा घरात कुठे बसणार ती जागा. एवढं ठरलं की कूलरचे पर्याय दोन-तीनच उरतात.

आवाज नक्की कोण करतंय?

काही खर्च करण्याआधी रात्री सगळं बंद करून सध्याच्या पीसीजवळ कान न्या. छोट्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा बोंब मारतो तो सीपीयूचा पंखा नसतो, एसएमपीएसमधला (वीजपुरवठ्याच्या डब्यातला) ४० मिमीचा इवलासा पंखा असतो. पंखा जितका लहान, तितका त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि आवाजही तितका चिरका. तो तसाच ठेवून सीपीयूवर बिनपंख्याचा कूलर बसवलात तर पैसे गेले आणि घरघर आहे तिथेच. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिचीही टकटक ऐकू येईल. तेव्हा बिनपंख्याचा पीसी म्हणजे लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर, आत त्याची वीज वाटणारा छोटा डीसी बोर्ड आणि फिरता भाग नसलेली एसएसडी, हे सगळं एकदमच ठरवायचं.

शांतता कशासाठी हवी, हेही स्वतःशी स्पष्ट करा. घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला रेकॉर्डिंगपुरती पूर्ण शांतता लागते. बाकी वेळ पंखा फिरला तरी चालतो. झोपायच्या खोलीतल्या मशीनला रात्रभर शांत राहायचं असतं, पण तेव्हा त्याच्यावर कामाचा भार नसतो. गिरणीजवळ किंवा कच्च्या रस्त्याला लागून घर असलेल्या माणसाला आवाजाचं काही नसतं, त्याला पंख्याने आत ओढलेली धूळ नको असते. तिघांची उत्तरं वेगळी निघतात.

कूलर म्हणजे हमाल

कूलर थंड करत नाही. तो हमाल आहे: चिपवरची उष्णता उचलतो आणि हवेच्या हवाली करतो. पंखा असेल तर हवा ढकलून आणली जाते. पंखा नसेल तर तापलेली हवा स्वतःच्या हलकेपणाने वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. धुराड्याचं तत्त्व तेच. ही हवा अगदी संथ असते आणि धातूच्या पृष्ठभागाला लागून तिचा एक आळशी थर चिकटून बसतो.

आता त्या दुकानातल्या कूलरकडे परत या. पंख्यासाठी बनवलेल्या कूलरमधल्या उभ्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, एकमेकींपासून दीड-दोन मिलिमीटरवर असतात. पंखा त्या फटींतून हवा रेटतो, म्हणून ते चालतं. पंखा काढला की दोन्ही बाजूंचे आळशी थर एकमेकांना भिडतात आणि फटीतली हवा जागची हलत नाही. फिन्स भरपूर, पण निम्म्या कामाच्याच नाहीत. बिनपंख्यासाठी बनवलेल्या हीटसिंकमध्ये, म्हणजे कूलरच्या धातूच्या ठोकळ्यात, हे अंतर साधारण सहा ते दहा मिमी असतं, फिन्स जाड असतात आणि संख्येने कमी. त्यामुळे पहिली परीक्षा फोटोवरूनच होते: फिन्समधल्या फटीत पेनाची साधी रिफिल सहज जाईल असं वाटतंय का? जात नसेल तर पाकिटावर 'पॅसिव्ह' लिहिलेलं असलं तरी जरा थांबा.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. बुटका आणि बिनपंख्याचा ही दोन विशेषणं एकमेकांशी भांडतात. हवेला संथपणे काम करायचं तर पृष्ठभाग मोठा हवा, आणि उंची कमी केली की नेमका तोच जातो. नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ हा बिनपंख्याचा कूलर बाजारात आणला. त्याची उंची १५८ मिमी आणि वजन सुमारे १.१८ किलो. ज्यांचं आयुष्य कूलर बनवण्यात गेलं, त्यांनाही एवढा धातू लागला. आर्क्टिकचा अल्पाइन १२ पॅसिव्ह हा साधा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ४७ वॅटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी सांगितला जातो आणि तोही सुमारे सात सेंटिमीटर उंच आहे. तेव्हा चार सेंटिमीटर उंचीत, पंख्याशिवाय, 'साठ वॅट' लिहिलेलं काही दिसलं तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे चला.

प्रोसेसरचे वॅट: डब्यावरचा आकडा आणि खरा आकडा

प्रोसेसरच्या माहितीत 'टीडीपी' किंवा 'बेस पॉवर' म्हणून एक आकडा असतो. नवा माणूस तोच धरून चालतो. पण इंटेलचा कोअर आय३-१२१००टी ३५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाने धावताना, ६९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय५-१२४००टीचेही आकडे ३५ आणि ७४ आहेत. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी ६५ वॅटचा. त्याला सॉकेटवरून, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेतून, प्रत्यक्षात ८८ वॅट घ्यायची मुभा असते.

हे वाचून घाबरायचं कारण नाही, कारण थोड्या वेळाची उसळी हीटसिंक पचवतो. समजा तुमचा हीटसिंक ३०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचा आहे. त्याला एक अंश तापवायला साधारण २७० जूल लागतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांवर टर्बोची मुदत २८ सेकंद ठेवलेली असते. ३५ च्या जागी ६९ वॅट, म्हणजे जास्तीचे ३४ वॅट, २८ सेकंद आले तर होतात साडेनऊशे जूल. हीटसिंक जेमतेम साडेतीन अंश चढतो. चिप स्वतः तेवढ्या वेळात बरीच उडी मारते, पण लगेच खालीही येते. ब्राउझर उघडणं, फाइल सेव्ह करणं, फोटो लोड होणं ही सगळी कामं अशाच उसळीत होतात.

हीटसिंकला मारतो तो सतत चालणारा भार: व्हिडिओ एन्कोडिंग, गेम, तासभर चाललेला सॉफ्टवेअर बिल्ड. म्हणून तुम्हाला हवा आहे तो आकडा एकच: हा प्रोसेसर अर्धा तास सलग किती वॅट खाणार? हा आकडा नशिबावर सोडायचा नसतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) तुम्हीच ठरवू शकता. त्याकडे नंतर येतो.

आता मे महिना

कूलरच्या पाकिटावरचे वॅट ज्या खोलीत मोजलेले असतात ती खोली तुमची नाही. तिथे बाविसेक अंश तापमान असतं, हीटसिंक उघड्यावर असतो. तुमच्याकडे अकोला, चंद्रपूर किंवा जळगाव असेल तर मे महिन्यात दुपारी घरातही ३६-३८ अंश सहज असतात. पुण्यात थोडं कमी, कोकणात आकडा आणखी कमी. कोकणातल्या दमटपणाचा चिपला त्रास नाही, तो आपल्याला आहे. आणि बंद कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापलेली असते.

ढोबळ हिशेब करून बघू. एक हीटसिंक घ्या: ९५ बाय ९५ मिमी, उंची ३७ मिमी, फिन्समधलं अंतर सहा मिमी. तेरा-एक फिन्स बसतील. दोन्ही बाजू धरून आणि तळ मिळवून पृष्ठभाग होतो साधारण ०.०८ चौरस मीटर. संथ हवा दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला सहाएक वॅट नेते. गुणाकार केला की कळतं: हा हीटसिंक दर वॅटमागे साधारण २.१ अंश तापेल.

चिप ८५ अंशांच्या वर नको, असं धरू. बाविस अंशांच्या खोलीत उघड्यावर ठेवला तर ६३ अंशांची मोकळीक आहे, भागिले २.१, म्हणजे तीस वॅट. आता आपली खोली: ३६ अधिक कॅबिनेटचे ९, झाले ४५. मोकळीक उरली ४० अंश. चाळीस भागिले २.१, एकोणीस वॅट. तोच हीटसिंक, तोच धातू, आणि त्याची एक तृतीयांशाहून जास्त ताकद उन्हाळ्याने खाल्ली. हा गुणाकार एकदा कागदावर स्वतःच्या हाताने करा. कूलरच्या याद्यांतून फिरण्यापेक्षा त्यातून जास्त उलगडा होतो.

जाता जाता दोन खर्च वाचवतो. एक, संपूर्ण तांब्याचा हीटसिंक. तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाहून नेतं हे खरं, पण बिनपंख्याच्या कूलरमध्ये अडतं ते धातूच्या आत नाही, धातू आणि हवा यांच्या सीमेवर. तिथे तांब्याचा काही विशेष उपयोग नाही आणि वजन तिपटीहून जास्त. तळाला तांब्याची चकती किंवा हीटपाइप (उष्णता दूर नेणारी बंद नळी) असेल तेवढं पुरे. दोन, चकचकीत पॉलिश केलेला हीटसिंक टाळा. उघडा चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णता किरणांनी फारच कमी सोडतो. अ‍ॅनोडाइज केलेला, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढवलेला, त्याच्या कित्येक पट जास्त. पंखा असता तर हा फरक नगण्य ठरला असता. रंग काळाच हवा असं मात्र नाही, पांढरा पेंटही या बाबतीत तितकाच चांगला.

माप घ्या, अंदाज नको

कॅबिनेटच्या माहितीत 'सीपीयू कूलर क्लिअरन्स' असा आकडा असतो. एसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० हे चांगलं उदाहरण आहे: डबा १५५ बाय १५५ बाय ८० मिमी, म्हणजे दोन लिटरलाही थोडा कमी, आणि आत कूलरला ४६ मिमी जागा. पंखेवाल्या कूलरसाठी ही ४६ पूर्ण वापरता येते. बिनपंख्याच्या कूलरसाठी नाही! त्याच्या डोक्यावर गरम हवेला निघायला किमान दहा-बारा मिमी रिकामी हवी आणि वरचं झाकण जाळीचं हवं. म्हणजे तुमचा हीटसिंक ३४-३५ मिमीचा. झाकणाला जेमतेम टेकणारा हीटसिंक सगळ्यात वाईट: हवेची वाट बंद होते आणि झाकणाकडेही उष्णता नीट जात नाही. टेकवायचा तर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ गादी) लावून पूर्ण टेकवा, नाहीतर मोकळी जागा सोडा.

कॅबिनेट हातात असेल आणि माहितीवर विश्वास नसेल, तर कॅरमच्या सोंगट्या घ्या. मी तेच करतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवा, सॉकेटमध्ये प्रोसेसर असू द्या, त्यावर जाड कागदाचा तुकडा ठेवा आणि त्यावर सोंगट्यांची चळत रचत जा. झाकण हळूच लावून बघा. झाकण अडलं की एक सोंगटी काढा. मग ती चळत बाहेर काढून पट्टीने मोजा. चळतीच्या जागी बोट किंवा पट्टी आत घालून मोजलेलं माप दोन-तीन मिलिमीटरने चुकतंच, आणि इथे तेवढंच महाग पडतं.

उंचीनंतर आजूबाजू. सॉकेटच्या एका अंगाला रॅम असते. डेस्कटॉपची साधी रॅम सॉकेटमध्ये उभी केल्यावर तीसेक मिमी वर येते, शोभेचं कवच असलेली आणखी उंच. दुसऱ्या अंगाला वीजपुरवठ्याच्या भागावरचा छोटा हीटसिंक आणि मागच्या पोर्टांचे डबे. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमीचा असतो, त्यात ही सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. ९५ मिमीचा चौकोन बहुतेक बोर्डांवर बसतो. त्याहून रुंद कूलर घ्यायचा तर आपला बोर्ड चालतो का, हे बनवणाऱ्याच्या यादीत बघितल्याशिवाय घेऊ नका.

सॉकेटची भोकं हा तिसरा सापळा. इंटेलच्या जुन्या ११५० ते १२०० मालिकांमध्ये भोकांचं अंतर ७५ मिमी होतं, त्यानंतरच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये ते ७८ झालं. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुना कूलर बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलात तर दाब तिरका पडतो. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ या दोन्ही सॉकेटांत हे अंतर ९० बाय ५४ मिमी आहे. मात्र एएम५ मध्ये मागची प्लेट काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची प्लेट घेऊन येणारे जुने कूलर अडतात. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलताना एवढं तपासा.

मग घ्यायचं काय?

सलग दहा-बारा वॅटच्या आत काम भागत असेल तर तुम्ही नशीबवान. कूलर निवडायची गरजच नाही. इंटेलचा एन१०० हा २०२३ मध्ये आलेला ६ वॅटचा प्रोसेसर बोर्डवरच सोल्डर केलेला येतो आणि त्यावर कारखान्यातूनच बिनपंख्याचा हीटसिंक बसवलेला असतो. असूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ किंवा एसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स असे मिनी-आयटीएक्स बोर्ड आहेत. दुसऱ्याला तर थेट लॅपटॉपसारखा अडॅप्टर जोडता येतो, म्हणजे एसएमपीएसही नको. टायपिंग, ब्राउझिंग, घरातले व्हिडिओ, फाइल सर्व्हर यासाठी मी कुणालाही हेच सांगेन. बोर्डवाले सहा वॅटची मर्यादा वाढवून देतात, तेवढी बायोसमध्ये जाऊन बघा.

पंधरा ते वीस वॅट ही बुटक्या बिनपंख्याच्या कूलरची खरी हद्द. इथे ३५ वॅटचा प्रोसेसर घेऊन त्याला बायोसमध्ये बांधून ठेवायचं आणि रुंद फटींचा, ३५-४० मिमी उंचीचा हीटसिंक बसवायचा. चार कोअर असलेला प्रोसेसर पंधरा वॅटवरही रोजच्या कामात मंद वाटत नाही, कारण उसळी त्याला मिळतच असते.

पस्तीस वॅट सलग हवे असतील तर बुटकेपणा सोडा. एक वाट म्हणजे थोडं उंच कॅबिनेट आणि सात सेंटिमीटरचा ठोकळा. दुसरी वाट मला जास्त आवडते: कॅबिनेटलाच कूलर करणं. अकासा, स्ट्रीकॉम, एचडीप्लेक्स यांच्या अशा कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवर तांब्याचा एक छोटा ठोकळा बसतो आणि त्यातून हीटपाइप निघून जाड अ‍ॅल्युमिनियमच्या बाहेरच्या भिंतींना मिळतात. भिंतीच फिन्स. कॅबिनेटच्या आतल्या तापलेल्या हवेचा प्रश्नच मिटतो, कारण उष्णता थेट खोलीत जाते. वरच्या हिशेबातले ते नऊ अंश वाचले. महाग पडतं, बोर्ड कुठला चालतो याच्या अटी असतात आणि जोडायला अख्खा रविवार जातो.

पासष्ट वॅट सलग, छोटा डबा, पंखा नाही: हा नाद सोडा. इथे दुकानातल्या मुलाचा बरोबर असलेला निम्मा भाग कामी येतो. त्याने दाखवला तसा पंखेवालाच कूलर घ्या, फक्त पंखा काढू नका, हळू फिरवा. नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिमी उंच आहे आणि त्याचा ९२ मिमीचा पंखा मिनिटाला सहाशे फेऱ्यांपर्यंत खाली येतो. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स३६ जवळपास त्याच उंचीचा. बायोसमध्ये पंख्याची रेषा अशी ठेवा की साठ अंशांपर्यंत तो किमान वेगावर राहील. काही बोर्डांवर तो पूर्ण थांबवताही येतो. सहाशे फेऱ्यांचा पंखा छताच्या पंख्याखाली बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही. खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात, छताचा पंखा पाचवर असताना, बिनआवाजी पीसीचं कौतुक ऐकायला कुणाचे कान मोकळे असतात?

डबा उभा की आडवा, आणि उदबत्ती

बोर्ड आडवा, हीटसिंक आकाशाकडे तोंड करून: चालतं. बोर्ड उभा: तर फिन्सच्या फटी वरून खाली, उभ्या दिशेने असायला हव्यात, म्हणजे प्रत्येक फट एक धुराडं होते. त्या आडव्या आल्या तर हवा फिन्सवर डोकं आपटून थांबते. चौकोनी हीटसिंक बऱ्याचदा ९० अंश फिरवून बसवता येतो. आधी डबा कसा उभा राहणार ते ठरवा आणि मगच स्क्रू आवळा. बोर्ड उलटा, हीटसिंक जमिनीकडे: कधीच नको.

हवेची वाट बघायला मी उदबत्ती वापरतो. मशीन अर्धा तास चालवून गरम करा, खोलीतला पंखा बंद करा, उदबत्ती डब्याच्या खालच्या भोकांजवळ धरा. धूर आत खेचला जातोय का? आणि वरच्या जाळीतून बाहेर येतोय का? वाट असेल तर धुराची रेघ भोकापाशी वाकते, आत शिरते आणि दोन-तीन सेकंदांनी झाकणातून विखरून वर येते. धूर खालीच घोटाळत राहिला तर खालची भोकं टेबलाने बंद झाली आहेत. डब्याला सेंटिमीटरभर उंचीचे रबरी पाय लावा आणि पुन्हा बघा. माझ्या डब्यात एवढ्यानेच चार अंश उतरले. राख आत पडू देऊ नका, आणि एकदाच बघा, रोज नको. धुराचा चिकट थर बसतो.

बसवणं

यावर फार लिहीत नाही. हीटसिंकच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढा. हसू नका, मी एकदा विसरलो आहे. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टचा मुगाएवढा ठिपका पुरतो, मोठ्या चिपला तूरडाळीएवढा. चार स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करत आवळा. कूलर जड असेल तर त्याचं वजन प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर सोडू नका, मागे धातूची प्लेट हवीच.

प्रोसेसरला बांधून घाला

इंटेलच्या बोर्डवर बायोसमध्ये 'पीएल१' आणि 'पीएल२' सापडतील. पीएल१ म्हणजे सलग चालायची मर्यादा. तुमच्या मे महिन्याच्या हिशेबातून आलेला आकडा इथे टाका. पीएल२ म्हणजे उसळीची. ती ४०-४५ ठेवली तरी चालते. बरेच बोर्ड कारखान्यातून या मर्यादा सैल करून येतात, म्हणून 'ऑटो'वर विसंबू नका. एएमडीवर 'सीटीडीपी' किंवा 'इको मोड' शोधा. ५६००जीला ४५ वॅटवर आणता येतं. बायोसमध्ये काहीच नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. सहसा टर्बो बंद पडतो. हे जरा आडदांड आहे, पण काम होतं.

तपासणी, आणि अकोल्याचा डबा

तपासणी झाकण लावून, डबा जिथे राहणार तिथेच ठेवून करायची. आणि दहा मिनिटं पुरत नाहीत. आपल्या उदाहरणातला हीटसिंक पूर्ण तापायलाच अर्धा तास घेतो, वर कॅबिनेटचा पत्रा आहे. तासभर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम लावा (प्राइम९५, किंवा लिनक्सवर स्ट्रेस-एनजी), आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा बघत राहा. आकडा चढायचा थांबला की खोलीचं तापमान त्यातून वजा करा आणि तो फरक लिहून ठेवा. खोली जितकी तापेल तितकीच चिप वर सरकते, म्हणून हा फरक वर्षभर कामी येतो.

हे मी केलं होतं, पण अर्धवट. अकोल्याला आई-बाबांच्या टीव्हीला जोडायला दोन लिटरचा एक डबा पुण्यात जानेवारीत तयार केला. पीएल१ वीस वॅट. खोलीत २४ अंश, चिप ६८ वर स्थिर. फरक ४४. खूश होऊन डबा घेऊन गेलो आणि टीव्हीच्या कपाटात ठेवला. मे महिन्यात बाबांचा फोन: "अरे, तुझ्या डब्यावर हात ठेववत नाही. आणि गाणं तुटक तुटक वाजतंय." जाऊन बघितलं तर कपाटाला काचेचं दार, दार बंद, आणि जागा वाचवायला बाबांनी डबा सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला. कपाटातली हवा ५० अंशांवर. पन्नास अधिक चव्वेचाळीस किती होतात ते मला जानेवारीतच करून बघता आलं असतं. सेट-टॉप बॉक्स शेजारी सरकवला, पीएल१ बारा केला, काचेचं दार बिजागरीतून काढलं. आईने त्या जागी पडदा लावायचा बेत केला होता, तोही हाणून पाडावा लागला.

चिप सांभाळली तरी दोन जागा विसरू नका. पंखा नसला की बोर्डवरच्या वीजपुरवठ्याच्या भागाला आणि बोर्डवर थेट बसणाऱ्या एम.२ एसएसडीला मिळणारी फुकटची झुळूक बंद होते. एसएसडीवर पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी थर्मल पॅडने चिकटवा, आणि ती बोर्डच्या मागच्या बाजूला असेल तर तिचं तापमान वेगळं बघा. ७० च्या वर राहत असेल तर तो भाग कॅबिनेटच्या पत्र्याला पॅडने जोडून टाका.

धूळ कमी बसते, पण बसते, आणि संथ हवेला फिनवरचा पातळ थरही जड जातो. वर्षातून एकदा, होळी झाल्यावर, मशीन बंद करून रंगकामाच्या कोरड्या मऊ ब्रशने फटी झाडा आणि लगेच तासाभराची तपासणी पुन्हा लावून फरकाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी लिहा. चार-पाच अंशांनी वाढला असेल तर पेस्ट बदलायची वेळ झाली, आणि एप्रिल लागायच्या आत बदला.